आपोआप जाणारं फनेल

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात. मला आला, आणि नको तिथे आला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष सोपानराव यांच्या ऑफिसात, भिंतीवरच्या टीव्हीतून मीच बोलत होते: "अभिनंदन! तुमचं प्रॅक्टिकल पूर्ण झालं. आता लॅबमध्ये जायची गरज नाही."

हे वाक्य मी उभ्या जन्मात उच्चारलेलं नाही. निम्मं आयुष्य पोरांना केमिस्ट्री शिकवण्यात घालवलेली बाई असलं काही झोपेत बरळणारसुद्धा नाही. पण आवाज माझा होता. बार्शी सोडून इतकी वर्षं झाली तरी न सुटलेला माझा हेल होता. आणि टीव्हीशेजारी हातात रिमोट घेऊन उभी होती मंजुषा, माझी मैत्रीण.

मैत्रीण हा शब्द राहू दे तसाच. दुसरे जे सुचतात ते शिक्षकाच्या तोंडी शोभत नाहीत.

मंजुषा आणि मी एकाच वर्षी या कॉलेजात लागलो. मोशीच्या पुढे, चाकण रोडपासून थोडं आत आमचं ज्युनियर कॉलेज. पोरं बहुतेक कंपनीवाल्यांची. बाप प्लेटिंगला नाहीतर प्रेस शॉपला, आई कुठेतरी पॅकिंगला, गाव लातूर, नांदेड, बीडकडे. दुसऱ्या मजल्यावर केमिस्ट्रीची लॅब. कडाप्प्याची टेबलं, त्यांवर पिढ्यान् पिढ्यांचे ॲसिडचे डाग. खिडकीतून शेजारच्या पावडर कोटिंगच्या शेडचा पत्रा दिसायचा. वारा फिरला की तिथला वासही आत यायचा. मग मी पोरांना म्हणायची, घ्या, फुकटचं प्रॅक्टिकल आलंय, सांगा कशाचा वास ते.

दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघी मिळून एक नाटक करायचो. टायट्रेशन ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली उंच काचेची नळी, खाली तोटी. तिच्यात वरून काचेच्या नरसाळ्याने, म्हणजे फनेलने, जांभळं परमँगनेट ओतायचं. भरून झालं की पहिली गोष्ट, फनेल काढून ठेवायचं. मग रीडिंग घ्यायचं. मंजुषा डेमो द्यायची आणि फनेल मुद्दाम तसंच ठेवायची. मी पोरांच्या मागे उभी. खाली फ्लास्कमध्ये थेंब थेंब पडतोय, पोरांचे डोळे गुलाबी रंगाकडे लागलेत, फनेलकडे एकाचंही लक्ष नाही. अगदी ऐन वेळी मी पुढे होऊन स्टँडला टिचकी मारायची. फनेलच्या दांडीत अडकलेला थेंब टपकन ब्युरेटमध्ये पडायचा, पातळी वर सरकायची, आणि सगळा वर्ग "अर्रर्र" करायचा.

"गेलं रीडिंग पाण्यात," मंजुषा म्हणायची. "आता धुवा सगळं आणि पुन्हा करा."

पुन्हा त्यांनाच करायला लावायचो. त्या दिवसानंतर फनेल विसरलेलं पोर मला आठवत नाही. आता चाकणला, तळेगावला कंपन्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागलेले जुने विद्यार्थी भाजी मंडईत भेटले की लांबूनच हाक मारतात, "मॅडम, फनेल काढलं!" मी हातातली मेथी उंचावून दाद देते. एवढीच माझी मिळकत, आणि तिच्यात निम्मा वाटा मंजुषाचा.

मग मंजुषाने कॉलेज सोडलं. वाकडला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता, तिथेच जवळ शिक्षणाचे ॲप बनवणारी एक कंपनी होती, तिथे ती मोठ्या पदावर लागली. मला वाईट वाटलं, पण हेवा नाही वाटला. आम्ही संत तुकाराम नगरचे लोक, आम्हाला विसाव्या मजल्यावर झोप लागणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ती घरी आली. येताना माझ्या आवडीची आंबा बर्फी. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आवळा देऊन कोहळा काढायला आलेली माणसं आवळा चांगला निवडून आणतात.

"विजू, मोबाईलवर केमिस्ट्रीची लॅब करायची आहे," ती म्हणाली. "पोरगं घरी बसून ब्युरेट भरेल, टायट्रेशन करेल, सॉल्ट ओळखेल. सगळे प्रयोग तू लिहायचेस. आवाजही तुझाच."

मी हसले. "उद्या मोबाईलवर पोहायला शिकवशील."

"ऐक तर. आपली पोरं लॅबमध्ये किती घाबरत येतात, आठवतंय ना? पिपेट हातात धरताना थरथरतात. घरी खुशाल चुकू देत, सांडू देत, फोडू देत. काच फुटत नाही, कुणी ओरडत नाही. मग लॅबमध्ये येतील तेव्हा हात तयार."

हे मला पटलं. खरंच पटलं. थरथरणारे हात मी पण पाहिले होते.

"एक अट," मी म्हटलं. "हे लॅबच्या आधी. लॅबच्या ऐवजी नाही."

"ऐवजी कसं असेल? वेडी आहेस का? फनेलची शपथ," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पुढचे काही महिने मी त्या कामात बुडाले. कॉलेज सुटलं की वाकडची बस. तिथे ज्ञानेश नावाचा एक तरुण प्रोग्रॅमर होता, कामाला चोख. मी सांगायची, तो स्क्रीनवर उभं करायचा. ब्युरेटचं रीडिंग वरून बघितलं तर वेगळं दिसलं पाहिजे, डोळ्यांच्या रेषेत बघितलं तरच बरोबर. दोन पोरांना एकच रीडिंग येता कामा नये, नाहीतर शेजाऱ्याचं टिपतात. ॲसिडमध्ये कुणी पाणी ओतलं तर उसळलंच पाहिजे, आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून. आणि फनेल. फनेल पोराने स्वतः बोटाने उचलून बाजूला ठेवेपर्यंत तिथेच राहणार. विसरला तर मध्येच कधीतरी एक थेंब पडणार.

"मॅडम, तेव्हा एरर मेसेज काय द्यायचा?" ज्ञानेशने विचारलं.

"काही नाही द्यायचा."

"मग त्याला कळणार कसं कुठे चुकलं?"

"शोधेल. खऱ्या लॅबमध्ये भिंतीवर मेसेज येतो का?"

तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही लय कडक आहात राव." मला ते बक्षीस वाटलं.

आवाज भरायचा तो एका फोम लावलेल्या कोंदट खोलीत. पंखा बंद, घाम पुसत पुसत मी बोलायची. सगळ्या प्रयोगांचा शेवट मी एकाच वाक्याने केला होता: "हा झाला सराव. आता लॅबमध्ये या, तिथला वास घ्या, हाताला थोडा चटका बसू द्या." काच लावलेल्या खिडकीपलीकडून मंजुषा अंगठा दाखवायची.

त्याच दिवसांत तिने एक काम सांगितलं. तिची मुलगी वर्षाली बारावीला होती, निगडीकडच्या एका कॉलेजात. तिथे दिवसभर एंट्रन्सचे क्लास, प्रॅक्टिकल नावालाही नाही. "शनिवारी तुझ्या लॅबमध्ये पाठवू का गं तिला? मोबाईलचं ठीक आहे, पण हाताला सवय हवी."

मला काय आनंद झाला. माझ्या लॅबवर तिचा अजून विश्वास आहे म्हणून आनंद. परवानगी वगैरे कुणाची घेतली नाही, मैत्रिणीची पोर म्हणजे घरचीच. वर्षाली यायची, ॲप्रन घालायची, "विजूमावशी, आज काय?" विचारायची. तिला मी फनेलचं नाटक एकटीला करून दाखवलं. तीही "अर्रर्र" म्हणाली. पहिल्या शनिवारी तिच्या हातून टेस्ट ट्यूब फुटली, बोटाला लागलं. मी हळद लावली आणि पुन्हा कामाला जुंपली. गौरी-गणपतीपर्यंत पोरगी अशी तयार झाली की पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकायचा नसतो हे मला तिला सांगावं लागत नव्हतं.

गणपतीनंतरच्या एका शनिवारी ती फार घाईत होती. एक सॉल्ट ओळखून झालं की लगेच दुसरं मागत होती.

"अगं, गाडी सुटतेय का कुठली?" मी विचारलं.

"आईने सांगितलंय, दिवाळीच्या आत सगळे प्रयोग उरकून घे. नंतर लॅब नसेल."

"नसेल म्हणजे? लॅब काय दिवाळीला माहेरी जाते?"

ती हसली, मीही हसले. मला वाटलं, दिवाळीनंतर पूर्वपरीक्षा, मग तिला वेळ नसेल, तेच मंजुषा म्हणाली असेल. पुढ्यात वाढून ठेवलेलं मला दिसलं नाही. फनेलकडे न बघणाऱ्या पोरांना मी इतकी वर्षं हसत आले होते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सोपानरावांनी बोलावलं. सोपानराव म्हणजे इथले मूळ गावकरी. कॉलेज उभं आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. मनाने वाईट नाहीत, पण कुठलीही रिकामी खोली दिसली की त्यांच्या डोळ्यांत चमक येते, आणि लॅब त्यांना कायम रिकामीच वाटायची.

"या बाई, बसा. हे बघा तुमचंच काम," ते म्हणाले आणि मंजुषाने रिमोट दाबला.

पडद्यावर माझी ब्युरेट भरली. जांभळा रंग सुरेख उतरला होता. मी खुशीत पुढे सरकले. आणि मग फनेल गेलं. कुणी हात लावला नाही, कुणी उचललं नाही. भरून झालं आणि फनेल आपोआप विरघळल्यासारखं नाहीसं झालं. रीडिंग तर बाजूला मोठ्या आकड्यांत छापूनच आलं. थेंब पडले, गुलाबी झालं, फुलबाज्या उडाल्या. आणि मग माझा आवाज, ते वाक्य.

"हे मी बोललेली नाहीये," मी म्हटलं.

"कॉम्प्युटरने तयार केलंय, विजू. तुझं इतकं रेकॉर्डिंग होतं आमच्याकडे, त्यावरून काहीही बोलवता येतं," मंजुषा म्हणाली. एखाद्या कुकरचा उपयोग समजावून सांगावा तशी ती बोलत होती. माझ्याकडे मात्र बघत नव्हती.

"बाई, तुमचा आवाज लय ग्वाड हाय," सोपानराव म्हणाले. "आता आमी काय ठरवलंय, दुसऱ्या मजल्यावरची ती लॅब काढायची. एंट्रन्सच्या क्लासवाल्यांना हॉल पायजे. प्रॅक्टिकल पोरं मोबाईलवर करतील. तुमच्या नोकरीला काय धक्का न्हाई, काळजी करू नका."

"आण्णा, लॅबशिवाय केमिस्ट्री शिकवायची कशी?"

"आता बघितलं की तुमी. तुमीच तर शिकवताय त्यात! पालक इचारतील म्हणून मला बी घोर व्हता. पर मंजुषाबाई पावसाळ्यातच म्हनल्या, आण्णा, विजयश्रीबाईंचा आवाज असला म्हंजी कुनी न्हाई म्हननार न्हाई. लोकांचा त्यांच्यावर इश्वास हाय."

पावसाळ्यात. म्हणजे मी त्या कोंदट खोलीत घाम पुसत होते तेव्हा. ती काचेपलीकडून अंगठा दाखवत होती तेव्हा. मग मला शनिवारची वर्षाली आठवली, एकामागून एक सॉल्ट मागणारी. दिवाळीच्या आत उरकून घे, नंतर लॅब नसेल. माझ्या लॅबचं मरण माझ्याआधी तिच्या पोरीला माहीत होतं, आणि मी त्यावर माहेरचा विनोद केला होता.

मंजुषाला मी हाताला धरून लॅबमध्ये नेलं. धरून म्हणजे खरंच मनगट आवळून. कडाप्प्याच्या टेबलाशी आम्ही उभ्या राहिलो, ती डेमोच्या जागेवर, मी समोर.

"केसाने गळा कापलास तू माझा," मी म्हटलं.

"विजू, लॅब जाणारच होती. आण्णांनी ठरवलं होतं. आम्ही नाही तर दुसऱ्या कुणी दिलं असतं ॲप, भिकार काहीतरी. निदान तुझं तरी आहे."

"माझं? फनेल कुठे गेलं माझं?"

"ट्रायलला पोरं वैतागत होती. चुकलं की बंद करून टाकायची. सोपं करावं लागतं गं."

"आणि माझं शेवटचं वाक्य?"

ती ब्युरेटच्या स्टँडवरून बोट फिरवत राहिली.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू केलं नसतंस." हे मात्र तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. तिच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं तेवढंच खरं.

आणखी एक प्रश्न घशाशी आला होता. आपल्या पोरीला मग शनिवारी माझ्याकडे का पाठवत होतीस? पण तो विचारला असता तर मी रडले असते, आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. ती गेल्यावर रडले. टेबलावर डोकं ठेवून, पोरासारखी हुंदके देत रडले. लॅब जाण्याचं दुःख होतंच, पण ते पचलं असतं. संस्था असल्याच असतात. तिने माझी तीच गोष्ट वापरली जी आम्ही दोघींनी मिळून कमावली होती, हे मला पचेना. अजून पचत नाही.

मी गप्प बसले नाही, हे सांगायला हवं. आण्णांकडे पुन्हा पुन्हा गेले, इतर शिक्षकांना सोबत या म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, पण त्यात आवाज तर तुमचाच आहे." तो कॉम्प्युटरने काढलाय म्हटलं असतं तरी कुणी खरं मानलं नसतं. पोरं तर खूश होती. जर्नल नाही, ॲप्रन नाही, बसमध्ये लोंबकळत प्रॅक्टिकल उरकतं. ब्युरेटी गोणपाटात बांधून गोडाऊनला गेल्या. माझ्या लॅबच्या जागी लाल खुर्च्या आल्या. मी फळ्यावर खडूने ब्युरेट काढून सांगितलं, फनेल काढायचं बरं का. पोरांनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेलं हाताला कळत नाही, हे शिक्षकाला सांगायला नको.

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल आलं. आमच्याकडे लॅबच नाही, म्हणून आमची पोरं बसने चिंचवडच्या एका कॉलेजात न्यायची ठरली. मी त्यांच्यासोबत, अंतर्गत परीक्षक म्हणून. तिथे पोचलो तर त्याच सेंटरला निगडीच्या कॉलेजचीही पोरं आलेली. रांगेत वर्षाली. मला बघून तिचा चेहरा फुलला. "विजूमावशी!" आमच्यात काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. मंजुषाने तिला एवढंच सांगितलं होतं की मावशी कामात आहे.

टेबलं आमच्या लॅबसारखीच कडाप्प्याची होती. परमँगनेटचं टायट्रेशन. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी सुरू करा म्हटलं आणि पोरांनी ब्युरेटी भरायला घेतल्या. आमच्या समाधानचे हात बघवत नव्हते. हुशार पोरगं, वर्गात पहिलं येणारं, वडील चाकणला रंगाच्या दुकानात हमाली करतात, गाव परभणीकडचं. त्याने निम्मं परमँगनेट शर्टावर सांडलं. पण भरलं कसंबसं.

आणि मग सगळ्यांनी रीडिंग घ्यायला माना खाली घातल्या.

मी दाराशी उभी होते. इथून तिथपर्यंत सगळ्या ब्युरेटींच्या डोक्यावर फनेल तसंच. माझ्या पोरांच्या, निगडीच्या पोरांच्या, सगळ्यांच्या. काही जण तर भरून झाल्यावर हात मागे घेऊन क्षणभर थांबले होते. कशाची वाट बघतायत ते मला आधी कळेना. मग कळलं. फनेल आपोआप जाण्याची वाट बघत होते.

मला बोलता येत नव्हतं. परीक्षा होती, नियम होता. मी ओठ दातांखाली धरून उभी राहिले. दुसऱ्या टेबलाच्या कडेला एकाच पोरीने फनेल उचललं, धुतलं, उलटं करून बाजूला ठेवलं आणि डोळे रेषेत आणून रीडिंग घेतलं. वर्षालीने.

परीक्षक फिरत फिरत समाधानपाशी थांबले. त्यांनी बोटाने स्टँडला हलकेच टिचकी मारली. आमचीच टिचकी, जगातल्या सगळ्या केमिस्ट्रीच्या मास्तरांना येत असावी. थेंब पडला. पातळी सरकली.

"हे काढायचं असतं, माहीत नाही का?"

समाधान घाबरला. "सर, मोबाईलवर तर ते आपोआप जायलंय."

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

पोराने निरागसपणे माझ्याकडे बोट केलं. "मॅडमनी, सर. ह्यांचाच आवाज हाय त्याच्यात."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मग ते वर्षालीच्या टेबलाशी गेले, तिचं काम निरखून बघितलं आणि खुशीत विचारलं, "शाब्बास. तुला कुणी शिकवलं?"

तिनेही माझ्याकडे बोट केलं.

माझ्या तोंडाला काळं फासलं असतं तरी एवढं लागलं नसतं. आणि खोटं दोघांतलं कुणीच बोललं नव्हतं.

परीक्षा संपली. पोरं खाली उतरली. आमची बस गेटबाहेर उभी होती, तिच्यामागे मंजुषाची पांढरी गाडी. ती लेकीला न्यायला आली होती. मला टाळता आलं असतं, पण वर्षालीने माझा हात धरला होता आणि ओढतच तिकडे नेलं. मंजुषाने काच खाली केली. दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो.

"कसं गेलं गं?" तिने लेकीला विचारलं, मग मला, जरा चाचरत, "तू होतीस म्हणून मला काळजी नव्हती, विजू."

तोंड उघडलं असतं तर बसमधल्या पोरांनी ऐकलं असतं.

"एकदम मस्त गेलं," वर्षाली म्हणाली. "सर शाब्बास म्हणाले. आई, अगं गंमत म्हणजे अख्ख्या लॅबमध्ये फक्त माझ्याच ब्युरेटवर फनेल नव्हतं! बाकी सगळे ठेवूनच बसले होते. त्यांच्या ॲपमध्ये म्हणे ते आपोआप जातं. ते तुमचंच ॲप ना? मावशीचा आवाज असलेलं?"

मंजुषाने बसकडे बघितलं. समाधान खिडकीत बसला होता. शर्टावरचे डाग सुकून तपकिरी झाले होते, आणि तो ते थुंकी लावून घासत होता.

"हो," ती म्हणाली. "बस गाडीत, उशीर होतोय."

वर्षाली बसली नाही. तिच्या कपाळावर एक आठी आली, सॉल्ट ओळखताना यायची तशी. तिने बसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"पण मग आई," तिने विचारलं, "मला तू ते ॲप का नाही दिलंस?"

बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी हलले नाही. उत्तर ऐकायला थांबले.